कोऱ्या पानावरची तारीख

मंडळीच्या भिंतीवर चौकटीत लावलेली कलमं
आईला तोंडपाठ आहेत. इस्त्री करता करता म्हणते:
शास्त्रात चूक नाही, काना-मात्रेचीसुद्धा नाही.
तारण कृपेने, कमाईने नव्हे.
बाप्तिस्मा बुडवून, शिंपडून नव्हे,
आणि तोही ज्याला कळतं त्याचा;
तान्ह्याने कसला पश्चात्ताप करायचा?
आपल्यावर बिशप नाही, शहरातली कचेरी नाही.
चौसष्ट माणसं, एक पाळक, दोन डीकन,
आणि वर थेट प्रभू.

सहाव्या कलमापाशी ती इस्त्री उभी करून ठेवते.
एकदा तारलेला तो कायमचा तारलेला.

डेल्बर्ट, हे कलम तुझं.

तू नऊ वर्षांचा. ऑगस्टातली सभा, गुरुवारची रात्र,
हातात पुठ्ठ्याचे पंखे, त्यांच्यावर दफनगृहाची जाहिरात.
किल्गोर पाळकांनी नरक सांगितला तो इतका नेमका
की कोळशाच्या खाणीत जन्म काढलेल्या बाप्यांनीही
पाय बाकाखाली ओढून घेतले.
तू उठलास. मधल्या वाटेने एकटा पुढे गेलास,
डाव्या बुटाची नाडी सुटलेली, फरफटत.

त्याच रात्री आईने तुझ्या शास्त्राच्या कोऱ्या पानावर
निळ्या शाईने तारीख घातली. ८ ऑगस्ट १९८५.
रविवारची नाही, ज्या दिवशी ओढ्यात
पाळकांनी नाकावर रुमाल धरून तुला मागे झुकवलं,
पुरलं आणि उठवलं,
आणि तू खोकत, हसत वर आलास.
पाणी काही धूत नाही, ती म्हणायची,
पाणी नुसती साक्ष देतं.

पुढच्या पानांवर कुणी काही लिहिलं नाही.
खाण बंद पडली. तुझी पाठ गेली.
गोळ्या आधी डॉक्टरच्या, मग कुणाच्याही.
आईच्या कपाटातली बाबांची अंगठी.
मग ओहायोतलं ते पार्किंग, फेब्रुवारी,
गाडीचं इंजिन चालूच.

दफनानंतरच्या जेवणाला, बटाट्याच्या सॅलडपाशी,
इमोजीन मावशी हलक्या आवाजात म्हणाली,
"खरं तारण असतं ना ऑर्लीन, तर झाडाला फळं दिसतात."
आईने डाव खाली ठेवला.
"हा पाच वर्षांचा असताना ओढ्याला लोंढा आला,
आठवतं? माझं बोट त्याने केव्हाच सोडलं होतं.
मनगट मी धरलं होतं. मी.
आठवडाभर वळ होते माझ्या बोटांचे.
आणि माझी पकड ही अशी,
तर त्याची कशी असेल?"
मग तिने मावशीला सॅलड वाढलं. जरा जास्तच.

मी वाद घातला नाही.
मी लेक्सिंग्टनमध्ये राहते, रविवारी उशिरा उठते,
आईला ते ठाऊक आहे, ती विचारत नाही.
माझ्याही शास्त्रात तारीख आहे,
सात वर्षांची असताना तुझ्या मागोमाग चालत गेले त्याची.
नरकाला भ्याले होते, की तू एकटा पडशील म्हणून,
आता सांगता येत नाही.
काळ्या दगडावरची रेघ म्हणावी,
तर आपल्या खोऱ्यातला काळा दगड
जळतो, डेल्बर्ट.
सगळं खोरं त्यावर शेकत आलं.

पण एवढं पाहिलंय मी.
तुतारी वाजेल तेव्हा मेलेले आधी उठतील,
हे नववं कलम, आईला त्यात दुमत नाही.
डोंगरावरची तुझी जागा पूर्वेला तोंड करून,
म्हणजे उठलास की समोरच पहाट.
पेटी मिटायच्या आधी ती म्हणाली, थांबा.
खालचं अर्धं झाकणही उघडायला लावलं,
दुखऱ्या गुडघ्यांवर वाकली,
आणि तुझ्या बुटांच्या नाड्या,
आधी डाव्या, मग उजव्या,
दुहेरी गाठ मारून बांधल्या.